साहेबांसमोर वजरी

माझ्या मुलाने सिंगापूरला आल्यापासून एक गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवली आहे. आमच्या घरी फक्त चिकन होतं, तेही रविवारी. ऑफिसातल्या लोकांना, इथल्या मराठी मंडळींना, त्याच्या साहेबांना, सगळ्यांना हेच. मी इथे राहायला आले तेव्हा विमानतळावरून घरी येतानाच त्याने मला टॅक्सीत सांगितलं, "आई, कुणी विचारलं तर तू पण एवढंच सांग." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी बोलत नाही म्हणजे मला पटलं, असं माणसं धरून चालतात. माझ्या बाबतीत हे लहानपणापासून चालत आलं आहे.

खरं असं आहे की आमच्याकडे वजरी करतात. बोकडाचं पोट आणि आतडी. माझी आई ती गरम पाण्यात घालायची, चुना लावून वरचं काळं खरवडून काढायची, आतडी काडीवर उलटी करून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची. मग कांदा, सुकं खोबरं, लसूण भाजून वाटण आणि वर तिखटाचा तवंग. मटण घ्यायची ऐपत नव्हती म्हणून वजरी, हे खरं आहे. पण ऐपत आल्यावरही आम्ही ती सोडली नाही, हेही खरं आहे, आणि हे दुसरं खरं कुणी ऐकून घेत नाही.

मुलाला मी दोष देत नाही. इंजिनिअरिंगला होस्टेलवर असताना त्याच्या डब्यातली सुकट कुणीतरी खिडकीतून बाहेर फेकली होती. डबासुद्धा फेकला. त्यानंतर त्याने घरून काही नेलं नाही. तेव्हापासून तो घरातसुद्धा बोंबील भाजायला घेतला की आधी खिडकीकडे बघतो. सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये अकराव्या मजल्यावर कोण डोकावणार आहे, पण बघतो.

तो आणि सून सकाळी चांगी बिझनेस पार्कला जातात. नात शाळेत. मी घरी एकटी. पहिल्या पहिल्यांदा मी खाली उतरायला घाबरायची. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी अक्षरं ओळखते पण जोडता येत नाहीत. एका रविवारी सून मला जवळच्या हॉकर सेंटरला घेऊन गेली. मोठी छपराची जागा, भिंती नाहीत, वरून पंखे फिरतात, चारही बाजूंनी खाण्याची दुकानं आणि मध्ये टेबलं. चिनी, मलय, तमिळ, सगळे एकाच ठिकाणी. प्रत्येक दुकानावर चित्रं असतात, बोट दाखवलं की मिळतं. मला हे फार बरं वाटलं. बोट तर मला दाखवता येतं.

आम्ही चिनी दुकानातून परतलेल्या नूडल्स घेतल्या. चांगल्या लागल्या. खाऊन झाल्यावर ट्रे आपणच नेऊन ठेवायचा अशी इथली पद्धत आहे. सून पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा मी ट्रे उचलला आणि समोर दिसलेल्या रॅककडे गेले. तेवढ्यात साफसफाई करणारी एक म्हातारी चिनी बाई लांबून ओरडत आली. "नॉट हियर! नॉट हियर!" तिने माझ्या हातातला ट्रे जवळजवळ हिसकावून घेतला आणि पलीकडच्या दुसऱ्या रॅकमध्ये सरकवला. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

आमच्या गावच्या हॉटेलात आमचे कप वेगळे असायचे. बाहेर, पत्र्याखाली, खिळ्याला अडकवलेले. चहा पिऊन झाला की आपणच विसळायचे आणि पुन्हा अडकवायचे. माझ्या वडिलांनी एकदा घाईत आतला कप उचलला होता. तेव्हा हॉटेलवाला ज्या आवाजात ओरडला, तोच आवाज मला त्या रॅकपाशी ऐकू आला. मी सुनेची वाट न बघता सरळ घराकडे चालू लागले.

"आई, अहो थांबा! काय झालं?" सून मागून धावत आली.

"इथे पण आहे म्हणजे," मी म्हटलं.

"काय आहे?"

"वेगळी भांडी."

तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर ती रस्त्यातच थांबली. मग तिने मला सांगितलं की एक रॅक मुसलमानी दुकानांच्या भांड्यांचा आणि दुसरा बाकी सगळ्यांचा. मुसलमान माणसाला डुक्कर चालत नाही, म्हणून त्यांची भांडी मिसळू देत नाहीत. "कोण जेवलं ते कुणी विचारत नाही आई. कुठल्या दुकानातलं ताट, एवढंच."

माझा विश्वास बसला नाही. असली कारणं मी आयुष्यभर ऐकली आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी खाली गेले आणि नुसता चहा घेऊन त्या दोन रॅकसमोर बसून राहिले. एका चिनी मुलीने मलय दुकानातला भात खाल्ला आणि ट्रे मुसलमानी रॅकमध्ये ठेवला. कुणी काही बोललं नाही. तीच मुलगी पुन्हा चिनी दुकानातून गोड सूप घेऊन आली आणि तो वाडगा दुसऱ्या रॅकमध्ये ठेवला. तेव्हाही कुणी काही बोललं नाही. एका गोऱ्या साहेबाने चुकीच्या रॅकमध्ये ट्रे ठेवला, तर ती म्हातारी त्याच्यावरही तस्सं ओरडली. त्याच्यावर तर जास्तच. तेव्हा माझं मन निवळलं. तिथे ताटाची जात होती, खाणाऱ्याची नव्हती. मी उठून माझा कप बरोबर जागी ठेवला आणि त्या म्हातारीने मान हलवली. त्यानंतर मी रोज खाली जायला लागले.

असंच फिरताना मला कोपऱ्यातलं एक दुकान दिसलं. काचेमागे थाळ्यांमध्ये तपकिरी रंगात शिजलेलं काहीतरी मांडून ठेवलं होतं. मी जवळ गेले आणि थबकले. आतडी होती. जाड आतडं, बारीक आतडं, पोटाच्या घड्या. बाजूला उकडलेली अंडी आणि टोफूचे तुकडे त्याच रश्श्यात काळपट झालेले. दुकानाची मालकीण माझ्याच वयाची असेल. तिने माझ्याकडे बघितलं, मग आतड्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या पोटावर थापटी मारली.

"आंटी, पिग. इनसाइड. यू कॅन ऑर नॉट?"

कॅन म्हणजे काय ते मला नातीमुळे माहीत होतं. ती दिवसभर कॅन लाह, कॅन लाह करते.

"कॅन," मी म्हटलं. सिंगापुरात परक्या माणसाशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

तिने आतडी कापून वाडग्यात घातली, वर रस्सा ओतला. दुसऱ्या वाडग्यात तांदळाच्या रुंद, मऊ पट्ट्या. आपल्या सालपापड्या वाफेवरून उतरवल्यावर ओल्या ओल्या असतात ना, तशाच. बाजूला आंबट तिखट चटणी. इथे त्याला क्वे चॅप म्हणतात. डुक्कर आमच्या घरी कधी केलं नव्हतं, म्हणून पहिला घास घेताना हात जरा अडखळला. पण वास ओळखीचा होता, चक्रीफूल, दालचिनी. आतडं इतकं स्वच्छ धुतलेलं की माझ्या आईनेही नावं ठेवली नसती. दाताखाली तोच चिवटपणा, तोच रस. तिखट कमी. मी चटणी सगळी ओतली. खाताना मी एकदाही मागे वळून बघितलं नाही की कोण बघतंय.

मग माझा आठवड्यातून एकदा तरी तिथे फेरा व्हायचा. मालकीण मला आंटी म्हणायची, मी तिला आंटी म्हणायची. तिला इंडियन बाई हे खाते याचं नवल वाटायचं. "इंडियन ऑल व्हेजिटेबल," ती म्हणायची आणि हसायची. मी मान हलवून नाही म्हणायची.

एका दुपारी नात शाळेतून लवकर सुटली आणि तिने मला तिथे पकडलं. रात्री जेवताना तिला राहवलं नाही.

"बाबा, यू नो, आजी क्वे चॅप खाते! विथ इंटेस्टाइन! सो पावरफुल लाह!"

मुलाचा हात ताटातच थांबला. "आई?"

"चांगलं असतं," मी म्हटलं.

"चांगलं असतं म्हणजे? अगं, इथे आपले लोक येतात. कुणी बघितलं तर?"

"बघू दे."

"तुझं ठीक आहे, तू घरी असतेस. मला त्यांच्यात राहायचंय. एकदा कळलं की मग बोलणं बदलतं आई. तोंडावर कुणी काही म्हणत नाही. पण बदलतं."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. खोटं फक्त त्याने त्यावर काढलेला उपाय होता. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. रोज सकाळी मी तिच्यापुढे वंदना म्हणते. पाहुणे आले की म्हणतात, "छान आहे, इथेच घेतली का?" शोभेची वाटते त्यांना, हल्ली सगळ्यांकडे असते. माझा मुलगा "हो, इथेच" एवढंच म्हणतो आणि विषय संपवतो. मूर्ती मी गावाहून पिशवीत कपड्यांत गुंडाळून आणली आहे.

थोड्या दिवसांनी तो मला म्हणाला, "रविवारी साहेब आणि वहिनी येणार आहेत. वहिनींना हॉकर सेंटरला जेवायचंय. इतकी वर्षं इथे आहेत, पण कधी बसून खाल्लं नाही म्हणतात. आपण सगळे जाऊ. तू डोसा घे. एवढं कर माझ्यासाठी."

"मी घरीच थांबते."

"नको, त्या तुला भेटायला म्हणून येताहेत. फक्त डोसा घे."

साहेब आणि त्यांची बायको मरीन परेडला मोठ्या कॉन्डोत राहतात. मूळचे पुण्याचे. बाई गोड बोलणाऱ्या. आल्या आल्या मला चिवड्याचा डबा दिला, माझ्या खुर्चीखालचं ओलं स्वतः पुसलं. सुनेने टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवून जागा धरली होती. साहेबांनी उसाचा रस आणला. मुलगा सगळ्यांचे डोसे घेऊन आला, नातीने कोंबडीचा भात घेतला. त्या बाईंना आजूबाजूला बघून नवल वाटत होतं.

"बाई गं, ती बदकं कशी मानेला लटकवलीत बघा. मुंडकं पण काढत नाहीत."

"चवीला चांगली असतात म्हणे," साहेब म्हणाले.

"असू देत. आणि ते कोपऱ्यातलं दुकान बघितलंत का? येताना मी बघितलं आणि मला मळमळायलाच लागलं. आतडी हो! चक्क आतडी मांडून ठेवलीत. माणसं खातात का असलं? हो ना काकू?"

माझ्याकडे बघून विचारलं. मुलगा माझ्याकडे बघत होता. सूनही. मुलाने मान अगदी थोडी हलवली, हो म्हण, अशी. सगळ्यांना माझ्या 'हो'ची वाट. मला नुसतं हसता आलं असतं. आयुष्यभर मी अशा वेळी हसत आले आहे, आणि ते हसणं प्रत्येक वेळी समोरच्याच्या बाजूने धरलं गेलं आहे. माझी आई चुलीपुढे ओणवी बसून ती आतडी धुवायची. तिला मी माणसांत धरायचं की नाही?

मी उठले. त्यांना वाटलं हात धुवायला चाललेय. मी कोपऱ्यातल्या दुकानापाशी गेले.

"आंटी! सेम सेम?" मालकीण म्हणाली.

"सेम सेम."

मी ट्रे घेऊन आले आणि माझ्या डोशाशेजारी ठेवला. वाफ येत होती.

"काकू, अहो, त्यांनी चुकून दिलं की काय तुम्हाला?" बाईंनी विचारलं. खरंच काळजीने विचारलं.

"हो, चुकूनच," मुलगा झटकन उठला. "आईला भाषा येत नाही ना. आण इकडे, मी बदलून आणतो." त्याने ट्रेची कड धरली. मी दुसरी कड धरली. रस्सा हिंदकळला.

"चुकून नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला, म्हणून पुन्हा म्हटलं. "चुकून नाही दिलं. मी मागून घेतलं. मी खाते हे. माझी आई वजरी करायची, मीही करते."

मुलाच्या लहानपणी वजरीच्या दिवशी तो पातेलं पुसून खायचा. ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही. त्याचं त्याने बोलायचं. मी त्याच्या तोंडात घास घालू शकते, शब्द घालणार नाही.

त्याने ट्रे सोडला आणि खाली बसला.

बाई म्हणाल्या, "अच्छा. पण आडनावावरून वाटलं नाही हो कधी."

"काय वाटलं नाही?"

"नाही, म्हणजे... असंच."

"आम्ही बौद्ध आहोत," मी म्हटलं.

"अहो, मग काय झालं, आम्ही काही तसलं मानत नाही," त्या घाईघाईने म्हणाल्या आणि आपली प्लेट स्वतःकडे ओढून घेतली. रस्सा उडू नये म्हणूनही ओढली असेल. साहेबांनी पावसाचा विषय काढला. मी जेवले. आतडं संपवलं, अंडं संपवलं, पट्ट्या संपवल्या आणि वाडगा तोंडाला लावून रस्सा प्यायले. मी अर्धवट टाकून उठणार नव्हते. नातीला मात्र काही कळलं नाही, तिने माझ्या वाडग्यातला एक टोफूचा तुकडा उचलून खाल्ला.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "समाधान झालं?"

"झालं."

"उद्या ऑफिसला मला जायचंय, तुला नाही."

"जा की. चोरी केलीस का?"

"आई, तुला कळत नाही."

"मला नाही कळत तर कुणाला कळतं? तुझा डबा फेकला. माझ्या बापाला हॉटेलाबाहेर उभं केलं. तू दार लावून घेतोस म्हणून असली माणसं आत यायची थांबली का?"

इतकं मी त्याच्याशी एका वेळी कधी बोलले नव्हते. तो खोलीत निघून गेला. मग बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. औषध घेतलं का, दिवा बंद कर, एवढंच. सून मध्ये पडली नाही, पण रोज माझ्या खोलीत येऊन थोडा वेळ बसायची. "मला वास सहन होत नाही आई," ती एकदा म्हणाली, "पण तुम्ही बरोबर केलंत."

साहेबांच्या घरी अधूनमधून सगळी मराठी मंडळी जमतात. प्रत्येक घराने एक पदार्थ करून न्यायचा. मी आल्यापासून आमच्याकडून पुरणपोळ्या जायच्या आणि संपायच्या. काकूंच्या हाताला चव आहे, असं त्या बाईच सगळ्यांना सांगायच्या, दोन जास्तीच्या बांधून घ्यायच्या. या वेळी त्यांचा सुनेला फोन आला. सून स्वयंपाकघरात होती, मुलगा चहा पीत होता. फोन ठेवल्यावर ती आम्हा दोघांकडे बघत राहिली.

"काय म्हणाल्या?" मुलाने विचारलं.

"म्हणाल्या, या वेळी काकूंना कशाला त्रास? तुम्ही आपले कोल्ड्रिंक आणा. आणि कागदी प्लेट."

"त्रास कसला?"

"तेच म्हणाले मी. त्या म्हणाल्या, नको, सगळं ठरलंय."

मुलाने कप खाली ठेवला. बराच वेळ ओट्याला टेकून उभा होता. मला वाटलं आता माझ्यावर ओरडेल, बघ, हेच मी म्हणत होतो. तो ओरडला नाही.

"आई, तू पोळ्या कर," तो म्हणाला. "जास्तीच्या कर. आपण घेऊन जाऊ. बघू कोण नको म्हणतं."

"नाही करणार."

"का?"

"पुरण वाटायला हात दुखतात माझे. ज्यांना नको आहेत त्यांच्यासाठी कशाला दुखवू? तुला जायचं तर तू जा. कोल्ड्रिंक घेऊन जा."

सुनेला हसू आलं. त्याला आलं नाही.

तो गेला नाही. त्या रविवारी दुपारी मी चप्पल घालत होते तर तो मागे येऊन उभा राहिला. "तुझं ते दुकान आज उघडं असतं का?" मी म्हटलं, असतं. आम्ही दोघं खाली गेलो. मी माझ्यासाठी घेतलं, त्याने नुसती कॉफी घेतली आणि माझ्यासमोर बसला. मी त्याला खा म्हटलं नाही. त्याने माझ्या वाडग्यातलं अंडं तेवढं घेतलं.

शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं येऊन बसलं. मराठीत बोलत होते, कुठल्या दुकानातून काय घ्यायचं यावर भांडत होते. मुलाने त्यांच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले, मी बघितले. मग तो माझ्याकडे वळला आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाला, "आई, वजरी आणखी आणू का?"

त्या मुलीने वळून बघितलं.

"आण," मी म्हटलं. "आणि चटणी जास्त घे."